चिकाच्या कॅप्सूल आणि झिजलेले गुडघे

पत्राचा सारांश : माझे वय ५९ वर्षे, वजन ७४ किलो. सातारा जिल्ह्यात राहते, शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. रक्तदाबाची गोळी रोज चालू आहे. चार वर्षांपासून दोन्ही गुडघे दुखतात, जिना उतरताना जास्त. एक्स-रे काढल्यावर झीज सुरू झाल्याचे सांगितले गेले. दुखणे वाढले की औषधांच्या दुकानातून वेदनाशामक गोळी आणून घेते. आठवड्यातून तीन-चार वेळा तरी ती लागते. नात्यातील एका मुलाने गाईच्या चिकाच्या ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल आणून दिल्या आहेत. रोज दोन घ्यायच्या, तीन महिन्यांत गुडघ्यातील गादी पुन्हा भरून येते, इंग्रजी गोळ्या बंद करा, असे तो सांगतो. महिन्याचा खर्च २८०० रुपये आहे. आमच्या गोठ्यात दोन गाई आहेत आणि त्यातली एक पुढच्या महिन्यात व्यायची आहे. सासूबाईंचे म्हणणे असे की घरचा चीक असताना विकतचा कशाला, तो कच्चाच प्यावा. मी काय करावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपण वय, वजन, औषधे, कॅप्सूलची मात्रा असे सगळे लिहिल्यामुळे मोघम बोलण्याची गरज उरलेली नाही, म्हणून निष्कर्ष आधीच सांगते. गुडघ्यातील झिजलेली कूर्चा, म्हणजे आपण लिहिलेली गादी, चिकाच्या कॅप्सूलने पुन्हा भरून येते, याला भरवशाचा पुरावा नाही. त्यासाठी आपण महिन्याला २८०० रुपये खर्च करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. कच्चा चीक तर मुळीच पिऊ नये. आणि ज्या वेदनाशामक गोळ्या आपण स्वतःच्या मनाने घेत आहात, त्यांची मला कॅप्सूलपेक्षा कितीतरी जास्त काळजी वाटते.

चीक ही साधीसुधी वस्तू नाही, एवढे त्या मुलाचे म्हणणे खरे आहे. माणसाच्या बाळाला रोगप्रतिकारक प्रतिपिंडे जन्माआधीच आईच्या रक्तातून वारेवाटे मिळतात. गाईच्या वारेतून ती वासराकडे जात नाहीत, त्यामुळे वासरू जवळजवळ प्रतिपिंडांविनाच जन्माला येते आणि ही उणीव पहिला चीक भरून काढतो. जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत वासराचे आतडे ही मोठाली प्रथिने न मोडता तशीच रक्तात घेऊ शकते. तासागणिक ही क्षमता कमी होत जाते आणि साधारण चोवीस तासांत संपते. चिकात मुख्यतः इम्युनोग्लोब्युलिन-जी ही प्रतिपिंडे, त्यांच्या जोडीला जंतूंना अटकाव करणारे लॅक्टोफेरिन हे प्रथिन, आणि आयजीएफ-१ व टीजीएफ-बीटा यांसारखे वाढीचे घटक असतात. कॅप्सूल विकणाऱ्यांचा सगळा भर या शेवटच्या दोन घटकांवर असतो, कारण प्रयोगशाळेत कूर्चेच्या पेशींवर ते थेट सोडले तर त्या पेशी अधिक जोमाने काम करतात, आणि गाईचे आयजीएफ-१ रचनेने माणसाच्या आयजीएफ-१ सारखेच असते. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

परंतु प्रयोगशाळेतील काचेची बशी आणि आपला गुडघा यांच्यामध्ये जठर, आतडे आणि यकृत आहे. प्रौढ माणसाचे आतडे नवजात वासराच्या आतड्यासारखे वागत नाही. ते प्रथिनांचे तुकडे करून मगच त्यांचे शोषण करते. खेळाडूंवरील सुरुवातीच्या एका अभ्यासात चीक घेतल्यावर रक्तातील आयजीएफ-१ थोडे वाढल्याचे दिसले होते आणि तेव्हापासून हा दावा पसरला. पुढे मात्र किरणोत्सारी खूण केलेले आयजीएफ-१ तोंडावाटे देऊन त्याचा माग काढला गेला, तेव्हा ते अखंड रूपात रक्तात पोहोचल्याचे आढळले नाही. समजा, त्यातला थोडा अंश रक्तात पोहोचला, तरी पुढे आणखी एक अडचण आहे. कूर्चेत रक्तवाहिन्याच नसतात. तिचे पोषण सांध्यातील वंगणद्रवातून होते, आणि हा द्रव तिच्यात आत-बाहेर खेळतो तो सांध्यावर भार पडतो व उतरतो तेव्हा, म्हणजे स्पंज दाबून सोडल्यावर तो पाणी शोषून घेतो तसा. हालचाल बंद ठेवलेल्या सांध्याला बाहेरून काहीही पुरवले तरी ते कूर्चेच्या फारसे उपयोगी पडत नाही. शिवाय आपल्या वयातील गुडघेदुखी ही एकट्या कूर्चेची गोष्ट नसते. कूर्चेखालचे हाड, सांध्याचे अस्तर आणि मांडीचे अशक्त झालेले स्नायू या सगळ्यांचा तिच्यात वाटा असतो. म्हणूनच एक्स-रेमध्ये बरीच झीज दिसूनही काही जण आरामात चालतात, आणि थोडीशीच झीज असलेले काही जण जिन्याच्या दोन पायऱ्यांत हैराण होतात.

मात्रेचा प्रश्न वेगळाच. चिकाची भुकटी देऊन खेळाडूंवर जे अभ्यास झाले, त्यांत ती साधारणपणे रोज १० ते ६० ग्रॅम दिली जात असे. आपल्या दोन कॅप्सूल मिळून होतात १ ग्रॅम. त्या अभ्यासांचे दाखले देऊन ही कॅप्सूल विकली जात असेल, तर ग्राहकाची फसवणूक होते आहे असेच मी म्हणेन. त्यातही हे अभ्यास मुख्यतः कसरतीची क्षमता, सर्दी-पडसे आणि आतड्याच्या अस्तराविषयी आहेत. गुडघ्याच्या झिजेवर चीक द्यावा अशी शिफारस संधिरोगतज्ज्ञांच्या प्रमुख मार्गदर्शक सूचनांमध्ये नाही.

आतड्याविषयीचा एक प्रयोग आपल्या संदर्भात मुद्दाम सांगण्यासारखा आहे, कारण त्याचाच अर्धवट आधार घेऊन ‘वेदनाशामक गोळ्यांचे दुष्परिणाम चिकाने टळतात’ असे सांगितले जाते. इंग्लंडमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या छोट्याशा अभ्यासात निरोगी माणसांना इंडोमेथॅसिन हे वेदनाशामक थोडे दिवस दिले, तेव्हा आतड्याच्या अस्तराची गळती वाढली. सोबत चीक घेतलेल्यांत ती तशी वाढली नाही. पण याच अभ्यासात दीर्घकाळ वेदनाशामके घेणारे रुग्णही होते आणि त्यांच्यात चीक दिल्याने फरक पडलेला दिसला नाही. आपण या दुसऱ्या गटात मोडता. तेव्हा चिकाच्या भरवशावर गोळ्या निर्धास्तपणे घेत राहणे योग्य नाही.

आपल्या नात्यातील मुलगा कदाचित म्हणेल की अमक्या काकूंना गुण आला, तमके काका आता काठीशिवाय चालतात. ही माणसे खोटे बोलत नसतात. गुडघ्याचे दुखणे मुळातच चढ-उताराचे असते आणि माणूस उपाय शोधायला निघतो तो दुखणे शिगेला पोहोचले असताना. त्यानंतर ते थोडे उतरणारच असते. अमेरिकेत ग्लुकोसामाइन आणि काँड्रॉयटिन या दोन प्रसिद्ध पूरकांची १५८३ रुग्णांवर मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या चाचणीत ज्यांना औषध नसलेली, केवळ दिसायला तशीच कॅप्सूल दिली होती, त्यांच्यापैकी सुमारे ६० टक्के लोकांचे दुखणे सहा महिन्यांत लक्षणीय कमी झाले, आणि एकूण रुग्णांचा विचार करता ती दोन पूरके या नकली कॅप्सूलपेक्षा सरस ठरली नाहीत. दहापैकी सहा जणांना नुसत्या कॅप्सूलने बरे वाटू शकते, हे लक्षात घेतले की शेजाऱ्या-पाजाऱ्यांच्या अनुभवावरून निर्णय का घेता येत नाही, ते समजते.

आता बाटलीकडे पाहा. आपल्याकडील अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार अशा उत्पादनाच्या वेष्टनावर ते ‘आरोग्यपूरक’ असल्याचे आणि ‘औषधी उपयोगासाठी नाही’ असे छापावे लागते. रोग बरा करण्याचा दावा त्यांना करता येत नाही. आक्षेपार्ह औषधी जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्यात ज्या रोगांवर उपचाराची जाहिरात करण्यास मनाई आहे, त्यांच्या यादीत संधिवातही आहे. म्हणून कंपनी बाटलीवर ‘सांध्यांना आधार’ अशी सौम्य भाषा छापते, आणि ‘गादी भरून येते’ हे वाक्य मात्र विक्रेता ओसरीवर बसून तोंडी सांगतो. त्या मुलाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. बहुधा त्यालाही हेच ऐकवले गेले असेल आणि त्याचा त्यावर विश्वास बसला असेल. आपण त्याला शांतपणे एवढेच विचारा की हे वाक्य कंपनीने कुठे छापून दिले आहे का.

बाटली घरात आलीच आहे, तेव्हा ती संपवावी का, असाही प्रश्न आपल्या मनात असेल. दुधाची ॲलर्जी असेल तर एकही कॅप्सूल घेऊ नका. मूत्रपिंडाचा विकार, पूर्वी झालेला कर्करोग किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे यांपैकी काही असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. यांतले काहीच नसेल, तर दिवसाला १ ग्रॅम चिकाच्या भुकटीने मोठे नुकसान होण्याची शक्यता कमी आहे. पोटात वायू धरणे, मळमळ किंवा जुलाब एवढ्यावर बहुधा भागते. पण दुसरी बाटली विकत घेऊ नका, आणि तिच्या भरवशावर बाकीचे उपाय लांबणीवर टाकू नका.

सासूबाईंचे म्हणणे मायेचे आहे, तरी कच्च्या चिकाविषयी मला ठाम राहावे लागेल. गाईंमध्ये ब्रुसेलोसिस नावाचा जिवाणूजन्य आजार असतो, ज्यात गाय बऱ्याचदा शेवटच्या महिन्यांत गाभडते. पण वरून निरोगी दिसणाऱ्या गाईच्या दुधातून, चिकातून आणि वारेतूनही हे जंतू बाहेर पडत असतात. माणसाला ही लागण झाली की ताप येतो-जातो, रात्री घाम फुटतो, थकवा येतो, आणि सांधे व कंबर दुखू लागतात. सांधेदुखीसाठी कच्चा चीक प्यायचा आणि त्यातूनच सांधे धरणारा आजार ओढवून घ्यायचा, असा प्रकार होऊ शकतो. गाय विताना मदत करणाऱ्या, उघड्या हातांनी वार ओढणाऱ्या माणसालाही हाच धोका असतो, म्हणून आपल्या यजमानांनी त्या वेळी हातमोजे घालावेत आणि नंतर हात साबणाने स्वच्छ धुवावेत. वार खोल पुरावी. आपल्या गोठ्यात पूर्वी एखादी गाय गाभडली असेल आणि घरात कोणाला अधूनमधून ताप व सांधेदुखी असेल, तर डॉक्टरांना गाईंचा उल्लेख आवर्जून करा. रक्ताच्या तपासणीतून हा आजार ओळखता येतो आणि त्यावर प्रतिजैविकांचा उपचार आहे.

पहिला चीक वासराचा. अजूनही काही घरांत ‘वार पडल्याशिवाय वासराला पाजू नये’ अशी समजूत आहे. ती वासराच्या जिवावर बेतू शकते, कारण वाट पाहण्यात जे तास जातात, तेच तास चिकातील प्रतिपिंडे रक्तात घेण्याचे असतात. वासराला तास-दोन तासांच्या आत पाजावे आणि पहिल्या दिवसभरात त्याच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका चीक, थोडा थोडा करून, त्याच्या पोटात जावा. २५ किलोच्या वासराला म्हणजे सुमारे अडीच लिटर. संकरित गाईला बहुतेक वेळा त्याहून अधिक चीक असतो. उरलेल्या चिकाचा खरवस अवश्य करा. गूळ किंवा साखर, वेलची-जायफळ घालून, मधोमध सुरी खुपसली तर ती कोरडी बाहेर येईपर्यंत वाफवून घ्या. चीक थिजून त्याची वडी पडते ती त्यातील प्रथिने उष्णतेने गोठतात म्हणून, आणि जाहिरातीत ज्या नाजूक घटकांचे गोडवे गायले जातात त्यांतले बरेचसे याच वेळी निकामी होतात. त्याचे वाईट वाटून घेऊ नका, त्याच वाफेने जंतूही मरतात. खरवस उत्तम प्रथिनांचा खाऊ आहे आणि वर्षातून चार दिवस त्याची चव घेण्यात आनंदही आहे. फक्त वजनाचा विचार करून गोड बेताचे ठेवा.

आता गुडघ्यांसाठी खरोखर काय करायचे, ते सांगते. सर्वाधिक आणि सर्वांत भक्कम पुरावा मांडीच्या स्नायूंच्या व्यायामाला आहे. अमेरिकन संधिरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ मध्ये दिलेल्या सूचनांत व्यायाम आणि वजन कमी करणे यांची जोरदार शिफारस आहे, तर गुडघ्यासाठी ग्लुकोसामाइन वापरू नये असे तितक्याच जोरदारपणे म्हटले आहे. सुरुवात अशी करा. पलंगावर पाय सरळ पसरून बसा, टॉवेलची जाडसर गुंडाळी गुडघ्याखाली ठेवा, पाऊल स्वतःकडे ओढून धरा आणि गुडघ्याने गुंडाळी खाली दाबा. मांडीचा पुढचा स्नायू दगडासारखा घट्ट झालेला हाताला लागला पाहिजे. तसा लागत नसेल तर दाब कमी पडतो आहे. पाच आकडे मोजा, सोडा, आणि श्वास रोखू नका, कारण आपल्याला रक्तदाब आहे. एका पायाने असे दहा वेळा, मग दुसऱ्या पायाने, सकाळ-संध्याकाळ. दोन आठवड्यांनी खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याचा सराव त्यात वाढवा. खुर्ची उंच घ्या आणि मागे भिंत असू द्या. व्यायामानंतर थोडे दुखणे चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजलेला किंवा नेहमीपेक्षा जास्त दुखरा असेल तर संख्या निम्मी करा. शक्य असेल तर जिल्हा रुग्णालयातील किंवा जवळच्या भौतिकोपचारतज्ज्ञाकडून एकदा पद्धत तपासून घ्या. एका भेटीचा खर्च त्या बाटलीपेक्षा बराच कमी येईल. फरक जाणवायला सहा ते बारा आठवडे लागतात, त्यामुळे पहिल्या पंधरवड्यात काही झाले नाही म्हणून सोडून देऊ नका.

वजनाविषयी फार बोलले की वाचकाला अपराधी वाटते, म्हणून एकच आकडा देते. गुडघ्याची झीज असलेल्या, वजन जास्त असलेल्या वयस्कर लोकांच्या चालण्याचे मोजमाप केले तेव्हा असे दिसले की शरीराचे वजन १ किलोने उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी हलका होतो. आपले वजन वर्षभरात ७४ वरून ७० वर आले, तर गुडघ्याला प्रत्येक पावलाला सोळा किलोंची सूट मिळेल. संध्याकाळच्या जेवणातली एक भाकरी कमी करून तिच्या जागी उसळ वाढवणे, एवढ्यापासूनही सुरुवात होऊ शकते.

मांडी घालून किंवा उकिडवे बसणे काही काळ टाळा, घरात कमोड नसेल तर कमोडची खुर्ची घ्या. काठी वापरण्याची लाज नको. जो गुडघा जास्त दुखतो त्याच्या विरुद्ध हातात ती धरा. जिना चढताना आधी बरा पाय वर टाका आणि उतरताना आधी दुखरा पाय खाली टाका.

शेवटचा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत तातडीचा विषय वेदनाशामक गोळ्यांचा. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या रक्तदाब वाढवतात, जठरात व्रण पाडू शकतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात. रक्तदाबासाठी आपण टेल्मिसार्टनसारखी गोळी घेत असाल आणि तिच्यात लघवी वाढवणारे औषध मिसळलेले असेल, तर त्यावर वेदनाशामकाची भर पडून मूत्रपिंडाला इजा होण्याचा धोका बराच वाढतो. उन्हाळ्यात पाणी कमी प्यायले गेले की अधिकच. म्हणून दुकानातून परस्पर आणलेली गोळी आजपासून थांबवा. दुखऱ्या गुडघ्यावर डायक्लोफेनॅकचे मलम लावणे हा त्याला चांगला पर्याय आहे. त्यातले फार थोडे औषध रक्तात जाते आणि गुडघ्यासाठी त्याची शिफारसही आहे. तरीही तोंडावाटे गोळी लागलीच, तर ती कोणती, किती दिवस आणि सोबत जठराच्या रक्षणासाठी काय, हे डॉक्टरांनी ठरवावे. रक्तदाबाची गोळी मात्र कोणी कितीही ‘इंग्रजी’ म्हणून हिणवली तरी बंद करू नका.

येत्या आठवडाभरात डॉक्टरांकडे जा आणि रक्तदाब, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी), हिमोग्लोबिन व साखर तपासून घ्या. सकाळी उठल्यावर सांधे अर्धा-एक तास आखडलेले राहतात का, हातांच्या बोटांचे लहान सांधे सुजतात का, गुडघा मध्येच अडकतो का, लाल व गरम होतो का, ताप येतो का, हे आधीच कागदावर टिपून ठेवा. यांपैकी काही असेल तर ती निव्वळ झीज नसून आमवात, युरिक ॲसिडचा त्रास किंवा जंतुसंसर्गही असू शकतो आणि त्याचा उपचार पूर्ण वेगळा असतो. एखादा गुडघा अचानक सुजून गरम झाला आणि सोबत ताप आला, तर आठवडाभर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. जाताना जुना एक्स-रे, रक्तदाबाच्या गोळीचे पाकीट, दुकानातून आणलेल्या वेदनाशामकाची रिकामी पट्टी आणि चिकाच्या कॅप्सूलची ती बाटली, सगळे एका पिशवीत घालून सोबत न्या.